मला सांगितलंस तर मला कळवावं लागेल

आरएची नोकरी मी घेतली ती राहण्याजेवण्याचा खर्च सुटावा म्हणून. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकायला आलेल्याला सत्र चालू असताना कॅम्पसवरच काम करता येतं, तेही आठवड्याला २० तासांपर्यंत. त्यात रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे आरए झालं की खोली मिळते आणि मेसचं कार्डही मिळतं. त्या बदल्यात डॉर्मचा, म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहाचा, एक मजला सांभाळायचा. दारांवर मुलांच्या नावाच्या पाट्या लावायच्या, ड्यूटीच्या रात्री राउंड मारायचे, किल्ली आत विसरलेल्याला दार उघडून द्यायचं आणि रूममेट्सची भांडणं सोडवायची. मुलाखतीत मला हेच सगळं विचारलं. नेमणुकीच्या पत्रात मात्र आणखी एक कलम होतं. लैंगिक अत्याचार, छळ, पाठलाग किंवा जोडीदाराकडून होणारी मारहाण यांबद्दल मला जे काही कळेल, ते मी कॉलेजच्या टायटल नाइन, म्हणजे लिंगभेदाविरुद्धच्या कायद्याचं काम पाहणाऱ्या, कार्यालयाला लगेच कळवायचं. नाही कळवलं तर नोकरी जाऊ शकते.

दरवर्षी आपल्याकडची कितीतरी मुलंमुली आरए, टीए (शिकवण्यात मदत करणारा टीचिंग असिस्टंट), ग्रेडर (पेपर तपासणारा), लॅब असिस्टंट किंवा लायब्ररीच्या डेस्कवरचं काम घेतात. अनेक कॉलेजांत यांतल्या बऱ्याच जणांना हा नियम लागू असतो. सही करताना तो कागदावरचा एक परिच्छेद वाटतो आणि त्याचं खरं वजन प्रसंग येतो तेव्हाच कळतं. माझ्यावर तो आला, म्हणून लिहिते आहे. जिची ही गोष्ट आहे तिला विचारून लिहिलं आहे, आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आरएचं प्रशिक्षण ऑगस्टमध्ये, बाकीची मुलं यायच्या आधी होतं. टायटल नाइनची जबाबदारी असणाऱ्या कोऑर्डिनेटर बाईंनी सुरुवात केली ती जीन क्लेरीपासून. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात ही १९ वर्षांची मुलगी तिच्या डॉर्मच्या खोलीत झोपलेली असताना तिच्यावर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. करणारा त्याच विद्यापीठातला विद्यार्थी होता. आपोआप बंद होणारी दारं कुणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती, त्यातून तो आत आला. त्या कॅम्पसवर आधीही हिंसक गुन्हे घडले होते आणि मुलांना त्याचा पत्ताच नव्हता, हे तिच्या आईवडिलांना नंतर कळलं. त्यांनी लढा दिला आणि १९९० मध्ये कायदा झाला. तो पुढे क्लेरीच्याच नावानं ओळखला जाऊ लागला. त्यामुळे आज प्रत्येक कॉलेजला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. ते आकडे जमतात ते आरएसारख्यांनी कळवलं म्हणून. त्या दिवसानंतर राउंडवर एखाद्या दाराला बूट किंवा पिझ्झाचा खोका लावून ठेवलेला दिसला, तर तो काढल्याशिवाय मी पुढे गेले नाही.

टायटल नाइन हा १९७२ चा कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव होता कामा नये, एवढंच तो म्हणतो. मुलींच्या खेळांना पैसा आणि मैदानं मिळाली ती यामुळे, म्हणून अमेरिकेत पुष्कळांना तो खेळांचा कायदा म्हणूनच ठाऊक असतो. लैंगिक छळ हाही शिक्षणातला भेदभावच, कारण छळ झालेली मुलगी वर्गात येईनाशी होते, लॅब टाळते, शेवटी कॉलेज सोडते, हा अर्थ पुढे न्यायालयांनी आणि शिक्षण खात्यानं लावला.

बाईंनी आम्हाला काय करायचं ते सांगितलं, पण काय करायचं नाही यावर त्यांचा भर जास्त होता. खोदून खोदून विचारायचं नाही. ‘तू तिथे गेलीसच कशाला’ म्हणायचं नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या बाजूनं शहानिशा करायला जायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर कधीच द्यायचं नाही. समोरचं माणूस काहीतरी जड सांगणार असं वाटलं, की त्याला आधीच थांबवून सांगायचं की मला हे पुढे कळवावं लागेल, आणि ज्यांना कळवावं लागत नाही ती माणसं अमुक ठिकाणी आहेत. आमच्याकडे ती म्हणजे समुपदेशन केंद्रातले समुपदेशक, दवाखान्यातले डॉक्टर आणि नर्स, चॅपलेन (कॅम्पसवरचे धर्मगुरू) आणि अ‍ॅडव्होकेट, म्हणजे वकील नव्हे, तर पीडितांना मदत करणारी एक कर्मचारी.

मग सराव. त्याला ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ म्हणतात. रिकाम्या डॉर्ममधल्या खोल्यांत जुने आरए एकेक प्रसंग घेऊन बसतात, नव्यानं दार वाजवून आत जायचं आणि समोर येईल ते हाताळायचं. एका खोलीत दारू पिऊन पडलेला मुलगा, एकीत गांजाचा वास, एकीत रडणारी रूममेट. माझ्या वाट्याला आलेल्या खोलीत पलंगाच्या कडेला एक उंचापुरा मुलगा मान खाली घालून बसला होता. अत्याचार त्याच्यावर झाला आहे, असा तो प्रसंग होता. मी मनात मुलगी धरून आत गेले होते, त्यामुळे दोन क्षण गोंधळले. मग पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तो अभिनय करत होता, तरी माझं वाक्य संपल्यावर त्यानं ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं ती मला विसरता आली नाही.

जेवणाच्या सुट्टीत आमच्यातला एक जण चिडून म्हणाला, की हा सरळसरळ विश्वासघात आहे. ज्याच्यावर बळजबरी झाली त्याच्या हातून निर्णय एकदा हिसकावला गेलेला असतो, तो आपण पुन्हा हिसकावायचा? बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, तुमचा रिपोर्ट आला म्हणून चौकशी सुरू होत नाही. माझ्याकडून त्या व्यक्तीला एक ईमेल जातो. त्याला उत्तर द्यायचं की नाही, हे तिच्या हातात असतं. त्याचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालं नाही, आणि आजही मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटत नाही.

माझ्या मजल्यावर एक मराठी मुलगी होती, बारावी करून थेट बीएसला आलेली. मी एमएसची, वयानं मोठी, म्हणून पहिल्या भेटीपासून ती मला ताई म्हणायची. गरम मसाला संपला की माझ्याकडे यायची, आईचा फोन आला की माझ्या हातात द्यायची. तिच्या आईनं मला सांगितलं होतं, “पोरीकडे लक्ष असू दे गं.”

एका रविवारी रात्री तिनं दार वाजवलं. आत आली, खुर्चीत बसली, पायातले बूटही काढले नाहीत. एरवी ती बूट दाराबाहेर काढायची. जरा वेळ गेला आणि म्हणाली, “ताई, एक सांगायचंय. पण कुणाला सांगणार नाहीस ना?”

मी म्हटलं, “थांब. सांगायच्या आधी माझं एक ऐक. मी इथली आरए आहे. कुणी तुझ्याशी जबरदस्ती केली, त्रास दिला, असं काही असेल आणि तू मला सांगितलंस, तर ते मला कॉलेजला कळवावं लागतं. गप्प बसेन असं वचन मी तुला देऊ शकत नाही. पण ज्यांना कळवावं लागत नाही अशी माणसं इथे आहेत. आत्ता, या वेळेलाही फोनवर मिळतील. मी लावून देते.”

तिचा चेहरा एकदम बंद झाला. “मग तुला ताई कशाला म्हणायचं?” असं म्हणून ती उठली. मी तिला अडवलं नाही. दाराच्या मुठीवर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, “त्यानं मला जाऊ दिलं नाही, ताई. मी नको म्हणत होते.”

एवढं वाक्य नियमाला पुरेसं होतं. मी काही ऐकलंच नाही असं धरता आलं असतं, तिलाही त्या क्षणी तेच हवं होतं. पण मग तिला आत्ताच जे सांगितलं, त्याला काही किंमत उरली नसती. मी म्हटलं, “हे मी ऐकलं. एवढं मला कळवावं लागेल. याच्यापुढचं मला सांगू नकोस, ते तुझ्यापाशी ठेव. मी काय लिहिते ते तुझ्यासमोर लिहिते.” मग ती रडली. मी समुपदेशन केंद्राचा रात्रीचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. तिला त्या रात्री सुरक्षित वाटतंय का, दवाखान्यात जायचंय का, हे फोनवरच्या समुपदेशक बाईंनी तिला विचारलं. दवाखान्यात पुरावा म्हणून नमुने घेऊन ठेवता येतात, तरी पोलिसांत तक्रार द्यायचं बंधन नसतं, ही महत्त्वाची गोष्टही त्यांनीच सांगितली. ते जितक्या लवकर होईल तितकं बरं असतं, म्हणून ही माहिती त्या रात्रीच मिळणं गरजेचं होतं.

रिपोर्टचा फॉर्म ऑनलाइन असतो. कुणाबाबत, कधी, कुठे, कुणी, काय समजलं. लॅपटॉप तिच्याकडे वळवून मी भरत गेले. ‘कुणी’ची रकान्यातली जागा रिकामी राहिली, कारण तिनं नाव सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ‘काय समजलं’ इथे तिची दोनच वाक्यं इंग्रजीत घातली. बलात्कार हा शब्द तिनं वापरला नव्हता, म्हणून मीही नाही वापरला. ती वाचून म्हणाली, “एवढंच?” एवढंच. मग ड्यूटीवरच्या हॉल डिरेक्टरला, म्हणजे डॉर्मच्या प्रमुखाला, फोन केला. त्या रात्री ती माझ्याच खोलीत झोपली.

दुसऱ्या दिवशी तिला कोऑर्डिनेटर बाईंचा ईमेल आला. तो तिनं मला बऱ्याच दिवसांनी दाखवला. ‘तुमच्याबाबत आम्हाला काही कळलं आहे, तुम्ही ठीक आहात का, बोलायचं असेल तर या, नसेल तर उत्तर देण्याची गरज नाही,’ अशा अर्थाच्या काही ओळी आणि खाली गोपनीय मदतीच्या ठिकाणांची यादी. तिनं आधी उत्तर दिलंच नाही. समुपदेशकाकडे जात राहिली आणि मग एक दिवस आपणहून बाईंना भेटली.

तिला तीन भीती होत्या, आणि आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मुलीला त्याच असतात. पहिली व्हिसाची. तक्रार केल्यानं एफ-१ दर्जाला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो परवानगी न घेता कोर्स सोडून पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या खाली गेल्यानं. तब्येतीमुळे कोर्स कमी करायचे असतील, तर डॉक्टरांचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र घेऊन आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची मंजुरी घ्यायची, आणि मगच कोर्स सोडायचा. घाबरून आधी कोर्स सोडणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे ठासून लिहिते. दुसरी भीती घरी कळण्याची. घरी कळवायचं की नाही हे तूच ठरव, आमच्याकडून फोन जाणार नाही, असं बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. तिसरी भीती, त्याच्यासमोर उभं राहावं लागेल याची. सध्या लागू असलेल्या २०२० च्या नियमांत औपचारिक तक्रार झाली तर सुनावणी होते आणि उलटतपासणीही होते. पण ती दोघांचे सल्लागार करतात, तो स्वतः तिला प्रश्न विचारू शकत नाही, आणि मागितलं तर दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून व्हिडिओवरून सुनावणी होते.

तिनं औपचारिक तक्रार केली नाही. तरीही तिला बरंच काही मिळालं, आणि हे मला स्वतःला प्रशिक्षणात पुरतं उमगलं नव्हतं. तक्रार न करताही कॉलेजला मदतीची व्यवस्था करावीच लागते. तिची लॅबची वेळ बदलून दिली, कारण तो त्याच बॅचला होता. दोन प्राध्यापकांकडून असाइनमेंटची मुदत वाढवून मिळाली, कारण न सांगता. दोघांनी एकमेकांशी संपर्क करायचा नाही असा लेखी आदेश निघाला. तिनं सत्र पूर्ण केलं.

बाईंना हवं असेल तर त्या स्वतःच्या सहीनं तक्रार दाखल करू शकतात, म्हणजे एकाच माणसाबद्दल वेगवेगळ्या ठिकाणांहून रिपोर्ट येत असतील किंवा हत्यार वापरलं गेलं असेल, तर. हा अपवाद मुलींना आधी सांगितला पाहिजे. पुढचं सगळं तुझ्या हातात आहे, असं सरसकट म्हणणं पूर्ण खरं नसतं.

माझ्यासाठी अवघड गेलं ते नंतरचं. रिपोर्ट करणाऱ्याला पुढचं काही कळवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण मुलगा आपल्याच भारतीय विद्यार्थ्यांतला निघाला आणि गोष्ट कुठून तरी फुटली. एका सीनियरनं मला गणपतीला जमणाऱ्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या वतीनं म्हणून फोन केला. म्हणाला, “आपलाच मुलगा आहे. घरचं कर्ज आहे त्याच्यावर. आपापसात मिटवलं असतं.” मी त्याला काहीच सांगू शकत नव्हते, रिपोर्ट केला हेसुद्धा नाही. मी एवढंच म्हटलं, की तू कशाबद्दल बोलतोयस त्यावर मी बोलणार नाही, आणि कुणा मुलीवर गप्प बसायचा दबाव आणत असाल तर तोही नियमभंग आहे, तो मी कळवीन. सूड किंवा दबाव यालाही तेच नियम लागू आहेत. मी ते कळवलंही. त्यानंतर काही घरांत मला जेवायला बोलावणं बंद झालं. याचं वाईट वाटलं. पण मिटवून टाकण्याची भाषा करणाऱ्या एकानंही ती कशी आहे, हे विचारलं नव्हतं.

पुण्यात शिकत असताना आमच्या कॉलेजात जिन्याजवळ अंतर्गत तक्रार समितीचा फलक होता. यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांनुसार ती समिती असते, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही लागतात. पण तिथे सगळं पीडितेनं पाऊल उचलण्यावर अवलंबून. हॉस्टेलच्या रेक्टरनं किंवा सीनियर मुलीनं सज्ञान मुलीबद्दल कळलेलं पुढे कळवलंच पाहिजे, असं तिथे काही नव्हतं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं मात्र वेगळं आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळेल त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवायचं बंधन आहे, आणि न कळवणं कलम २१ नुसार गुन्हा आहे. अकरावी-बारावीच्या हॉस्टेलांत राहणारी बहुतेक मुलं या वयाची असतात. हे तिथल्या रेक्टरना, मेस चालवणाऱ्यांना, ट्यूशनवाल्यांना माहीत असतंच असं नाही.

अमेरिकेतला हा नियम चांगला की वाईट, यावर तिथे मोठा वाद आहे. २०१८ मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात कॅथरिन हॉलंड, लिलिया कॉर्टिना आणि जेनिफर फ्रेड यांनी लिहिलं, की सरसकट सगळ्या कर्मचाऱ्यांना कळवायची सक्ती केल्यानं पीडितांचं भलं होतं याला पुरेसा आधार नाही. ऑरेगन विद्यापीठानं काही कर्मचाऱ्यांसाठी वेगळी वाट काढली. तिथे अशा कर्मचाऱ्यानं मदतीची माहिती द्यायची आणि कळवायचं की नाही हे विद्यार्थिनीला विचारून ठरवायचं. मला हा मधला मार्ग टीएंसाठी, लायब्ररीतल्या मुलांसाठी योग्य वाटतो. आरएचं वेगळं. त्याच्याकडे मजल्याच्या किल्ल्या असतात, तो त्याच छताखाली राहतो, आणि त्याच मजल्यावर दुसरी मुलगीही असते. आरएनं कळवलंच पाहिजे, या मताला मी त्या रविवारनंतर आले. मात्र आधी थांबवून सांगणं हा त्या नियमाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि प्रशिक्षणात तोच सगळ्यात घाईनं उरकतात.

नियम सारखे बदलतातही. २०२० च्या नियमांनी आरए, टीए यांच्यापैकी कुणावर बंधन घालायचं हे कॉलेजांवर सोडलं. २०२४ मध्ये नवे नियम आले, ऑगस्टपासून लागू झाले, आणि ९ जानेवारी २०२५ ला केंटकीतल्या फेडरल न्यायालयानं ते रद्द ठरवले. मग पुन्हा २०२० चेच. त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या मित्राला जे लागू आहे, ते तुम्हाला असेलच असं नाही.

आता पुण्याहून येणाऱ्या ज्युनियर मुली आरएच्या मुलाखतीआधी फोन करतात तेव्हा मी त्यांना काही प्रश्न विचारून घ्यायला सांगते. हे बंधन मला ड्यूटीवर असतानाच आहे की चोवीस तास? टीए असेन तर वर्गात किंवा निबंधात कुणी लिहिलं तरी लागू होतं का? कॉलेजात यायच्या आधी, भारतात घडलेलं कुणी सांगितलं तर? रात्री कोणाला फोन लावायचा? उत्तरं तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा. आणि गोपनीय मदत करणाऱ्यांचे नंबर मुली यायच्या आधीच आपल्या दाराच्या बाहेरच्या बाजूला लावा, म्हणजे दार वाजवायच्या आधी ते तिला दिसतील.